आतून लावलेली कडी

परवा शहरातल्या पलासिया भागातल्या एका बँकेत ताज्या फिनाईलचा वास आला आणि मी एकदम तीस वर्षं मागे गेले.

तेव्हा आमच्या सरकारी कचेरीत बायकांसाठी बाथरूमच नव्हतं. आम्ही सहाजणी दिवसभर पाणी प्यायचं टाळायचो. टायपिस्ट निर्मलाताईंनी तीनदा अर्ज दिले होते. एके दिवशी दुपारी त्यांच्या पोटात फार दुखायला लागलं. त्या सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, त्यांच्या खाजगी बाथरूममध्ये शिरल्या आणि आतून कडी लावून घेतली.

साहेब दारावर थापा मारू लागले. “मॅडमजी, ये क्या तमाशा है? बाहर आइए!”

“हमारा बाथरूम बनेगा, तब आऊँगी,” आतून आवाज आला.

साहेबांनी मला, सगळ्यात नव्या मुलीला, पुढे केलं. “समझाओ इनको.”

माझी नोकरी अजून कच्ची होती. दाराखालून फिनाईलचा उग्र वास येत होता. समजावायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले, “ताई, कडी काढू नका. मी बसलेय इथे.”

मी खरंच फरशीवर बसले. मग बाकीच्या चौघी आल्या. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यांवरच्या इतर खात्यांतल्या बायकांनी जिना भरला, तेव्हा साहेबांनी बाथरूम बांधण्याचा लेखी हुकूम काढला. पुढे आसपासच्या कचेऱ्यांतल्या बायकाही अशाच अडून बसल्या.

तेव्हा वाटायचं, ताई कुणालाच भीत नाहीत. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी झाल्यावर दुसरंच आठवतं. माझं बोलणं ऐकून त्या दारापलीकडे हुंदके देऊन रडल्या होत्या. बाहेर आपल्यासाठी कुणी बसेल, हे त्यांनी गृहीत धरलंच नव्हतं.