दोन्ही अंगठ्यांचा जोर

"नवीनच घ्या आता," असं दुकानदार म्हणाला, तेव्हाच मी ठरवलं की जुनाच कॉम्प्युटर चालवायचा. बाबा त्यावर गावाकडचे विसरत चाललेले शब्द टिपून ठेवतात. ती फाइल उघडेपर्यंत त्यांचा चहा पिऊन होतो.

वेग वाढावा म्हणून रॅमची जास्तीची पट्टी आणून मी झाकण उघडलं. आत धूळ होती आणि दर दसऱ्याला आम्ही वाहिलेल्या झेंडूच्या, फटींतून आत पडलेल्या वाळक्या पाकळ्या. त्या काढून पट्टी खाचेत अलगद बसवली. सुरू केल्यावर कॉम्प्युटर नुसता पी पी करत राहिला.

"जोरात दाब की," बाबा म्हणाले, "देवाला फूल वाहतेस का?"

खरंच, इतकी वर्षं कव्हर घातलं, हळदकुंकू लावलं, पण उघडून कधी पाहिलं नाही. बाबांनाही मी असंच जपते. दमाल, राहू द्या, उद्या करा.

कॉम्प्युटर बंद करून मी दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबली. मोडली तर मोडली. कट् आवाज झाला.

फाइल उघडली तेव्हा बाबांचा कप भरलेलाच होता. 'आधी चहा घ्या' हे ओठांवर आलेलं मी गिळलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.