कुकिया, फावा, हाबा, बुब

इंगोलश्टाटला आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढणाऱ्या ग्रीक बाईंचं नाव मला ठाऊक नाही. त्या कधी हसत नाहीत. ताट पुढे करायला उशीर झाला की डाव भांड्यावर आपटतात. ‘डिके बोनेन’, म्हणजे वालासारख्या जाड दाण्यांची भाजी असली, की जर्मन पाटीखाली कागदावर त्याच दाण्याची चार भाषांतली नावं लिहितात: कुकिया, फावा, हाबा, बुब.

मंगळवारी नव्या मॅनेजरने तो कागद फाडला. “इथे जर्मन पुरे.”

बाईंनी भांड्यावर झाकण ठेवलं. “काहींना हा दाणा विषासारखा आहे. रक्त नासतं त्यांचं! आपल्या भाषेत नाव दिसलं नाही तर कळणार कसं?”

“बरं, रांग खोळंबलीय. वाढा.”

“नाही वाढणार.”

आम्ही सगळे घड्याळं बघत गप्प. मला मॅनेजरचा संताप आला, माझा त्याहून जास्त. बाईंनी त्याच्यादेखत नवा कागद लिहून चिकटवला.

माझ्यापुढच्या, नुकत्याच आलेल्या इटालियन वेल्डरने तो वाचला आणि ताट मागे घेतलं. “ही फावा आहे? मला डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय.”

मॅनेजर निघून गेला. बाईंनी झाकण काढलं आणि माझ्याकडे जळजळीत पाहिलं.

“आणि तुम्ही? तुम्हाला तोंड नव्हतं?”