खांद्याला क्रिम्बलशॉ

त्या खोऱ्यात एके काळी "अहो क्रिम्बलशॉ!" अशी हाक कुणी मारली असती, तर माणसं सोडाच, कुत्र्यांनीसुद्धा वळून बघितलं असतं. म्हणून तशी हाक कुणी मारतच नसे. खाटीक क्रिम्बलशॉ, त्याच्या मटणाला नावं ठेवणारी गिऱ्हाइकं क्रिम्बलशॉ, आणि दर रविवारी दोघांनाही नरकाची भीती घालणारा चॅपलचा पाद्री, तोही आईकडून क्रिम्बलशॉच. तिथं आडनावाला विचारतो कोण? ओळख पटायची ती बापावरून, आज्यावरून. म्हणून एनॉक हा जन्मभर 'सेथच्या जॅबेझचा एनॉक'.

आडनाव आलं ते मात्र त्याच्याच घरातून. वर, रानाच्या कडेला, ओढ्याच्या वळणात जमिनीचा एक चिंचोळा तुकडा. त्या तुकड्याचं नाव क्रिम्बलशॉ, म्हणून त्यावरच्या घराचं नाव क्रिम्बलशॉ, म्हणून घरातल्या माणसांचंही तेच. हे केव्हाचं, ते देवाला ठाऊक. पोरं भरपूर झाली, मेंढ्या थोड्या आणि दगड अमाप. थोरल्याला घर मिळे, धाकट्यांना रस्ता. तो रस्ता खाली सूतगिरणीत जाई, गिरणीतून लिव्हरपूलच्या धक्क्यावर आणि तिथून ओहायोला, नाहीतर न्यूझीलंडला. असं करत आडनाव जगभर गेलं आणि जिथं उगवलं तिथं एनॉक आणि त्याची बायको हेटी, एवढी दोनच माणसं उरली.

एनॉक रानातल्या दगडी भिंती बांधायचा. ना चुना, ना माती, नुसता दगडावर दगड. बोलणंही तसंच, मध्ये काही न भरलेलं. "हं" म्हणजे होय, "हंऽ" म्हणजे बघू, आणि दातांतून आलेलं "ह्म्" म्हणजे विषय संपला. हेटीला तिन्ही कळायचे.

खोऱ्यात एक रीत होती. मूल झालं, बाप्तिस्मा झाला, की त्याच्या आज्यानं चॅपलच्या पायरीवर उभं राहून पोराची साखळी खोऱ्याला ऐकवायची: अमक्याच्या तमक्याचा हा. आणि माणूस गेला, की शवपेटीला खांदा क्रिम्बलशॉंनीच द्यायचा. वरून चॅपलकडे उतरताना वाटेत विसाव्याचा दगड होता. पेटी त्यावर टेकवायची, आणि घरच्या एकानं मेलेल्याची साखळी तशीच खणखणीत हाकारायची. ज्याला पायरीवर हाक मिळाली नाही, त्यानं मात्र विसाव्यावर तोंड उघडायचं नाही.

एनॉकची एकुलती एक पोर डॉरीन. एकोणिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. पोराचा बाप बस कंडक्टर होता, बातमी कळली तसा तो जो उतरला तो कुठल्या थांब्यावर, ते कुणालाच कळलं नाही. पोराला आईचं आडनाव लागलं. म्हणजे कागदावर तो क्रिम्बलशॉच, कॉलिन क्रिम्बलशॉ. बाप्तिस्म्याच्या दिवशी हेटी पोराला घेऊन पायरीशी उभी राहिली. लोक थांबले. शेजारीण एड्नानं गळ्यात मध ओतून विचारलं, "अगं हेटी, एनॉक बरा आहे ना? नाही म्हटलं, आज्याशिवाय हाक कशी व्हायची गं?"

एनॉक वर रानात भिंत दुरुस्त करत होता. भिंतीला काही झालेलं नव्हतं. त्यानं ती आधी पाडली आणि मग दिवसभर बांधली.

डॉरीननं त्याच आठवड्यात घर सोडलं आणि हॅलिफॅक्सला खोली घेतली. हेटी दर गुरुवारी बसनं जायची, डब्यात दह्याचा केक घेऊन. एनॉकनं कधी विचारलं नाही, तिनं कधी त्याला सांगितलं नाही. ती किटलीला सांगायची. चुलीसमोर उभी राहून, एनॉककडे पाठ करून.

"कॉलिनला दात आलाय बरं का."

"कॉलिन शाळेत मारामारी करून आला. नाक फुटलं. पण दुसऱ्याचं जास्त."

"कॉलिन आता गवंडीकाम शिकतोय. दगड हातात आला की सोडत नाही म्हणे. कुणावर गेला असेल, कोण जाणे."

किटली शिट्टी मारायची. एनॉक पेपर वाचायचा, म्हणजे धरायचा. एकदा हेटीनं मुद्दाम कॉलिनचं काही न सांगता चहा केला, तर संध्याकाळपर्यंत हा तीनदा येऊन किटली रिकामी आहे का बघून गेला. तिनं ते बघितलं आणि पुढच्या गुरुवारी दुप्पट सांगितलं.

अशी तीस वर्षं गेली.

मग त्या उन्हाळ्यात जगभरच्या क्रिम्बलशॉंनी ठरवलं, की आपण आपल्या मुळाशी जमायचं. हिरव्या टोप्या, टोप्यांवर आडनाव, आणि पुढे ओहायोचा ड्वेन, खोडाएवढा रुंद. त्याला प्रत्येक गोष्टीचं अप्रूप. "काऽय सुंऽदर चिखल आहे!" म्हणून त्यानं बूट माखून घेतले आणि दारात येऊन एनॉकला मिठीच मारली.

"एनॉकभाऊ! तुम्ही म्हणजे आमचं मूऽळ!"

"मुळं मातीखाली असतात," एनॉक म्हणाला. "मला अजून वेळ आहे."

आतल्या खोलीतून हेटी हसली, आणि ते हसू खोकल्यात गेलं. तिचं हृदय थकलं होतं. पलंग खाली आणला होता. त्या दिवशी पाहुणे ओढ्याचे फोटो काढायला गेले तेव्हा तिनं एनॉकला हाक मारली.

"बस. ह्या वेळी किटलीला नाही, तुलाच सांगते. विसाव्यावर मला हाक कॉलिननं मारायची."

"त्याला पायरीवर हाक नाही मिळालेली."

"कुणामुळे?"

एनॉक हातावरच्या, दगडांनी पाडलेल्या चिरा बघत राहिला.

"तू त्याला आधी इथं दारातच हाकार, म्हणजे तो मला हाकारेल. पोरगा एका फोनवर येईल. मी पडल्यापडल्या ऐकेन. एवढंच राहिलंय रे माझं."

"हंऽ."

"तुझ्या 'हंऽ'वर मी तीस वर्षं काढली, एनॉक. आता तेवढी नाहीत माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी एनॉक फोनपाशी गेला. रिसीव्हर उचलला, ठेवला. मनाशी म्हणाला, पाहुणे जाऊ देत, घर मोकळं होऊ दे, मग निवांत बोलू. संध्याकाळी पुन्हा गेला, पुन्हा ठेवला. हेटीला आतून रिसीव्हरचा खट्ट आवाज दोन्ही वेळा ऐकू आला. पहाटे तो तिचा चहा घेऊन गेला, तेव्हा ती गेलेली होती.

मग मात्र फोन झाला. डॉरीननंच उचलला.

"आई?"

"मी आहे."

बापाचा आवाज ऐकूनच ती समजली. मग, "केव्हा?"

खोऱ्यात कितीतरी वर्षांत झाली नव्हती अशी मयत झाली. खांद्याला सहा क्रिम्बलशॉ! पुढे एनॉक आणि ड्वेन, मध्ये न्यूझीलंडचे दोघे भाऊ, मागे कॅनडाचा एक शाळामास्तर. सहाव्या जागेला ड्वेन पुतण्याला बोलावत होता, तेवढ्यात काळा कोट घातलेला एक माणूस गर्दीतून आला आणि न विचारता पेटीखाली शिरला. रुंद पंजे, नखांत दगडाची भुकटी. एनॉकनं मागं वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, पेटीचा मागचा डुगडुगणारा कोपरा एकदम स्थिर झाला होता.

विसाव्यावर पेटी टेकली. एड्नानं मान लांब केली. पाद्री नाकातल्या आवाजात म्हणाला, "एनॉक, हाक तुम्हीच देणार ना?"

एनॉक दगडाशी उभा राहिला. टोपी काढली. आवाज फुटला तो चिरका, म्हाताऱ्या कोंबड्यासारखा:

"सेथच्या जॅबेझच्या एनॉकच्या डॉरीनचा... कॉलिन!"

खोऱ्यातून आवाज घुमून परत आला. मयताची सोडून भलत्याचीच हाक ऐकून पाद्री गोंधळला. डॉरीननं तोंडावर हात दाबला. हिरव्या टोप्यांना वाटलं हीच रीत, त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

कॉलिन पेटीकडे बघत होता. एनॉक त्याच्याकडे.

मग कॉलिननं मान वर केली.

"डॉरीनची आई, हेटी!" आवाज असा, की वरची मेंढरं चरायची थांबली. "कॉलिनची आजी, हेटी!"

बस्स. रीतीप्रमाणे बाईला नवऱ्याच्या साखळीनं हाकारतात, 'जॅबेझच्या एनॉकची हेटी'. एनॉक त्या कडीची वाट बघत उभा राहिला. कॉलिननं वाकून खांदा पुन्हा पेटीखाली दिला होता. "उचला," तो म्हणाला.

दफन झाल्यावर चॅपलच्या फाटकाशी एनॉकनं त्याला गाठलं.

"माझ्या वेळी," तो म्हणाला आणि अडला. "माझ्या वेळी येशील का, पोरा?"

कॉलिननं त्याच्याकडे नीट बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तरी बरं झालं असतं.

"आजीनं मला तुमचं सगळं सांगितलंय," तो म्हणाला. "ती तुमच्याकडे माझं बोलायची का हो?"

"किटलीला सांगायची."

"हंऽ," कॉलिन म्हणाला.

आणि तो 'हंऽ' कुणाचा, हे एनॉकला सांगायला नको होतं. तो जन्मभर त्यानंच वापरला होता आणि त्यातून कधी काही निघालं नव्हतं.

"चल रे, बस सुटेल," डॉरीननं हाक मारली. बापाशेजारून जाताना ती क्षणभर थांबली, त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि गेली.

पाहुणेही गेले. ड्वेननं जाताना आपली हिरवी टोपी दाराच्या खुंटीला अडकवली आणि ओढ्यातला एक गोटा मूळ म्हणून ओहायोला नेला.

एनॉकनं किटली भरली, चुलीवर ठेवली. घराकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला, हेटी उभी राहायची तस्सा.

"पोराचा आवाज खणखणीत आहे," तो म्हणाला. "तुझ्यावर गेलाय."

मग किटली शिट्टी मारेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, आणि शिट्टी सुरू झाल्यावरही त्यानं ती उतरवली नाही.