आमच्यात तसं कोणी नाही

मुरलीधर टिपणीसांना वाईट माणूस म्हणायची कोणाची छाती होणार नाही. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात ते प्रॉडक्शन मॅनेजर आहेत. कामगारांच्या खोलीतला एसी बंद पडला तर रविवारीसुद्धा फोन करून करून मेंटेनन्सवाल्याचं डोकं खातात. कोणाच्या गावी वाईट बातमी आली तर त्याला विमानतळावर स्वतः सोडून येतात. अल कुसैसमधल्या त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमनही त्यांचं नाव काढताना छातीवर हात ठेवतो. फक्त एका बाबतीत हा माणूस भित्रा होता, आणि त्या भित्रेपणाला तो काळजी म्हणायचा.

त्यांना एकच मुलगी, शुभ्रा. चिंचवडला जन्मली तेव्हा डावा हात मनगटाशीच संपलेला होता. बाकी पोर ठणठणीत, रडणं तर असं की अख्खं प्रसूतिगृह जागं. पण लोकांना रडणं कुठे ऐकू येतंय! शेजारच्या बायका बाळाला बघायला यायच्या आणि अर्चनाला, म्हणजे तिच्या आईला, हळूच विचारायच्या, "ग्रहणात काही चिरलंबिरलं होतंस का गं?" अर्चना एकदोघींना फाडकन बोलली. मुरलीधर मात्र खाली मान घालून चहाचे कप आत नेत राहिले. शुभ्रा दोन वर्षांची असताना दुबईची नोकरी चालून आली, तेव्हा त्यांनी पगाराचा आकडा नीट ऐकूनही घेतला नाही. "तिथे आपल्याला कोण ओळखतं?" एवढंच बायकोला म्हणाले. लोक आखातात पैसे कमवायला जातात. हे गृहस्थ तिथे लपायला गेले.

आणि लपवणं त्यांना छान जमलं. चाळीस डिग्रीत पोरीला पूर्ण बाह्यांचे कपडे. मोठी झाल्यावर खांद्यावरून स्टोल, तो डाव्या हातावर घसरलेला. फोटो काढायचा झाला की शुभ्राने बापाच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे तिचा डावा हात त्यांच्या पाठीमागे जायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय लाडकी मुलगी आहे, बापाला कशी बिलगून उभी आहे! ऑफिसच्या समारंभांना तिचा अभ्यास आडवा यायचा, परीक्षा यायची, ताप यायचा. पण तिच्या हाताबद्दल इतक्या वर्षांत मुरलीधर कोणाशी उघड खोटं बोलले नव्हते. ती पाळीच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

शुभ्रा आता नोकरी करते. जुमेरा लेक टॉवर्समध्ये इंटिरिअर डिझाइनचं ऑफिस आहे, तिथे ती बिनबाह्यांचा टॉप घालून बसते आणि एका हाताने असा कीबोर्ड बडवते की शेजारचे दोन हातवाले मागे पडतात. मुरलीधरांना हे ठाऊक होतं. पण ते तिचं जग. यांच्या जगात आलं की पोर न सांगता स्टोल घ्यायची.

या जानेवारीत मुरलीधरांच्या कंपनीने फॅमिली डे ठरवला. जागा, वाळवंटाच्या कडेचा एक शूटिंग क्लब. मुरलीधर नेहमीचा ताप शोधू लागले, पण शुभ्राच म्हणाली, "आय वॉन्ट टू कम, बाबा. मला ट्राय करायचंय." अर्चनाने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. गाडीत बसताना मात्र विचारलंच, "स्टोल घेतलास ना?"

"येस, बाबा," ती म्हणाली आणि गाणी लावली. तिची गाणी म्हणजे काचा थरथरायच्या.

क्लबमध्ये शिकवायला यम्ना नावाची मुलगी होती. वडील सुदानी, वाढलेली शारजात, आणि शाळेतल्या मैत्रिणींमुळे हिंदी फर्डं. आधी तिने सगळ्यांना छोट्या पिस्तुलांनी नेम धरायला लावलं. अकाउंट्सचे प्रल्हाद वाघूळकर गोळीची किंमत विचारून आले. "चार दिरहम एक! म्हणजे जवळजवळ शंभर रुपये. यल्ला, शंभर रुपये उडवा," असं ओरडत त्यांनी दहा-बारा उडवल्या. त्यातल्या दोन टार्गेटच्या कागदापर्यंत पोचल्या.

मग यम्नाने मोठं पिस्तूल आणलं. एखादी रायफल आखूड करून तिला पिस्तुलाची मूठ लावावी, तसं ते दिसत होतं. मागच्या टोकाला रबराचे दोन जाड पंख होते आणि त्यांना वेल्क्रोचा पट्टा. प्रल्हादांनी ते घेतलं आणि सिनेमात बघितल्याप्रमाणे ते पंख सरळ खांद्याला टेकवले.

"नो नो, हबीबी," यम्ना म्हणाली. "कंधे पे नहीं. ये ब्रेस है, बाजू पे बँधता है." तिने आपल्या कोपराखालच्या हातावर ते पंख बसवून दाखवले. पिस्तूल मोठं, वजनदार, खरं तर दोन हातांनी धरायचं. ज्याला एकच हात आहे त्याला ते सावरत नाही, नळी खाली झुकते. हा पट्टा बांधला की वजन बोटांवरून सुटून अख्ख्या हातावर जातं आणि नेम स्थिर राहतो. "एक हाथ वालों के लिए बना है," ती हसून म्हणाली. "लेकिन यहाँ सब दो हाथ वाले आते हैं और कंधे पे लगाते हैं. जिसके लिए बना, वो कभी आता ही नहीं. आपके ग्रुप में कोई है? किसी की फॅमिली में? मैं ठीक से सिखाऊँगी."

मुरलीधरांना मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोण उठलं हे बघायची त्यांना गरज नव्हती. सगळं ऑफिस तिथे होतं, मॅनेजर होते, त्यांच्या बायका होत्या, आणि पाठीमागून पावलं पुढे येत होती. त्यांच्या तोंडातून हसतहसत, अगदी सहज निघून गेलं, "नहीं नहीं, हमारे यहाँ ऐसा कोई नहीं है."

पावलं थांबली.

त्यांनी वळून पाहिलं तर शुभ्रा दोन पावलांवर उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कोणीतरी नाव चुकीचं उच्चारावं आणि आपण दुरुस्त करायचा कंटाळा करावा, तेवढंच काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं.

"अगं शुभ्रा, ये ना, तू मार एक," प्रल्हाद म्हणाले.

"नो, अंकल, थँक्स. आय कान्ट टेक द नॉइज. डोकं दुखतं माझं," ती गोड हसून म्हणाली, स्टोल नीट केला आणि परत जाऊन बसली.

काचा थरथरवणारी पोर! मुरलीधर जागच्या जागी गार पडले. आपण खोटं बोललो ते एक झालं. पण आपलं खोटं उघडं पडू नये म्हणून तिने क्षणात दुसरं रचलं, तेही इतकं सफाईदार. ही सफाई एका दिवसात येत नाही. ती कुठे शिकली, कोणी शिकवली, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. अर्चना शेजारून गेली आणि न थांबता म्हणाली, "झालं समाधान?"

तिकडे खेळ रंगात आला होता. यम्ना एकेकाच्या हाताला पट्टा बांधून देत होती आणि दोन धडधाकट हातांची माणसं एका हाताने गोळ्या मारत होती. प्रल्हादांनी डावा हात शर्टाच्या आत खुपसला, रिकामी बाही हलवली आणि ओरडले, "बघा रे, मी थोटा झालो! कोणी मुलगी देईल का आता?"

हशा पिकला. मुरलीधरही हसले.

हसले म्हणजे, ओठ फाकले. ऑफिसमध्ये प्रल्हादांनी विनोद केला की फाकायचे, तसेच. आणि फाकलेल्या ओठांनीच त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती मोबाइलमध्ये बघत होती, पण मोबाइलचा पडदा काळा होता. त्या क्षणी या माणसाला स्वतःची अशी शिसारी आली की तोंडातलं हसू कुठे थुंकावं ते कळेना. चिंचवडच्या त्या बायकांनी निदान हळू आवाजात विचारलं होतं.

"प्रल्हाद, गप्प बसा," ते म्हणाले. आवाज नको तितका मोठा निघाला. "यम्ना, मैंने झूठ बोला. मेरी बेटी है. वो बैठी है. उसका एक ही हाथ है, जन्म से. उसको सिखाइए, प्लीज."

आता सगळ्यांच्या माना शुभ्राकडे वळल्या. प्रल्हादांनी शर्टातून हात काढला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून पाठीमागे नेला. मुरलीधरांना वाटलं होतं, आपण खरं बोललो की छाती हलकी होईल, पोर धावत येईल, काहीतरी सुटेल. तसलं काही झालं नाही. शुभ्रा बसूनच होती. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, तू लपवतानाही मला विचारलं नाहीस. अँड नाऊ यू टोल्ड एव्हरीवन, तेव्हाही नाही."

त्यांनी नुसती मान हलवली.

थोड्या वेळाने ती उठली. बापासाठी नाही, हे तिच्या चालण्यावरून कोणालाही कळलं असतं. तिला ते पिस्तूल चालवून बघायचंच होतं, सकाळपासून. तिने स्टोल काढून खुर्चीवर टाकला. इतक्या वर्षांत ऑफिसातल्या कोणी न पाहिलेला तो हात उन्हात आला, आणि वाळवंटात त्यामुळे काहीही उलटंपालटं झालं नाही.

यम्नाने तिच्या कानांवर मफ बसवले, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून उजव्या हातात दिलं, नळी टार्गेटकडे. रबराचे पंख कोपराखाली नीट बसले. पट्टा मात्र लोंबत होता. यम्ना तो ओढायला पुढे झाली तर शुभ्रा म्हणाली, "नो, आय विल डू इट." यम्नाने पिस्तुलाला खालून आधार दिला. शुभ्राने मान वाकवली, तोंड पट्ट्याच्या टोकाजवळ नेलं, आणि थांबली.

तिथूनच तिने मान तिरकी करून बापाकडे पाहिलं.

इतरांना काही कळलं नाही. मुरलीधरांना कळलं. घरी ती सगळं दातांनी ओढायची, बुटाची नाडी, बॅगची चेन, चिप्सचं पाकीट. आणि चार माणसांत तसं करू लागली की ते दबक्या आवाजात म्हणायचे, "दातांनी नको. लोक बघतायत." चौथीत असल्यापासून म्हणत आले होते. आता तेवीस वर्षांची, स्वतःच्या पायांवर उभी असलेली, त्यांना भर लोकांत सुनावू शकणारी मुलगी, तिच्यासारख्यांसाठीच बनवलेला पट्टा बांधायला, आधी त्यांची परवानगी मागत होती. तिला स्वतःला तरी हे कळत होतं की नाही, देव जाणे.

मुरलीधर दोन पावलं पुढे गेले. मफमधून ऐकू जावं म्हणून त्यांना ओरडावं लागलं, आणि ते ओरडले, सगळ्या ऑफिससमोर, "दातांनी ओढ!"

शुभ्रा तशीच वाकलेली राहिली.

"शुअर?" तिने विचारलं.