फिल्टरला लावलेला भंडारा

खंडोबावर मी जन्मात एकदाच चिडले. येणेगूरच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला, भर दुपारी. मागच्या सीटवर माझी लेक कळांनी विव्हळत होती, उमरग्याचा दवाखाना अजून लांब होता आणि आमची डिझेल जीप आचके देऊन बंद पडलेली. "देवा, इतकी सेवा केली ती ह्याच्यासाठी व्हय रे?" असं मी मोठ्यानं म्हणाले. खोटं कशाला सांगू!

आमच्या अणदुरात जीप चालवणारी बाई मी एकटीच. मालक गेल्यापासून गाडी मीच हाकते आणि दुरुस्तीही स्वतःच करते, ह्याचा मला लई अभिमान. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दवाखान्यात मीच नेणार असा हट्ट धरला होता. जावई ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्याच सकाळी नवा डिझेल फिल्टर बसवला. आमच्यात नव्या वस्तूला भंडारा लावल्याशिवाय ती वापरत नाहीत. चांगली चिमूटभर हळद त्यावर उधळली आणि येळकोट म्हणत फिल्टर आवळला.

आता बॉनेट उघडून फिल्टरवरचा डिझेल ओढायचा हातपंप मारला, तर नुसता फेस. गाड्या भरधाव जात होत्या, हात केला तरी कुणी थांबेना. शेवटी एक ट्रक थांबला. त्यातून एक म्हातारे चाचा उतरले. जन्मभर इंजिनं खोललेला माणूस, पण आता हात थरथरत होते.

"मला पाना धरवत न्हाय बेटा. मी सांगतो, तू कर."

मी फिल्टर खोलला. चाचांनी रबराच्या रिंगवर बोट फिरवलं, ते पिवळं झालं. "अगं, देवाला टपावर बसव की! रबराखाली कशाला कोंडलंस? इथूनच हवा ओढतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिंग पुसली, तिला डिझेलचं बोट लावलं, फिल्टर पुन्हा आवळला. वरचा स्क्रू सैल करून पंप मारत राहिले. बुडबुडे संपून नितळ डिझेल आलं, तसा स्क्रू घट्ट केला आणि चावी फिरवली. जीप सुरू झाली! मी चाचांच्या पाया पडायला वाकले, तर ते ओरडले, "पाया नंतर पड, पोरीला ने!"

आम्ही वेळेत पोचलो. नात झाली. नर्सबाईंनी तीनदा हात धुवायला लावले, तरी नखांत पिवळं राहिलंच. "गाडी कुणी आणली?" त्यांनी विचारलं. "मी," म्हणाले, आणि रडू फुटलं.

चाचा पुन्हा भेटले नाहीत. देवच आला होता असं मी म्हणत नाही. पण माझं चुकलेलं काम खंडोबानं माझ्याच हातांनी सरळ करून घेतलं, हे मी मान ताठ ठेवून सांगते. चाचांचं ऐकायला मात्र मान खाली घालावी लागली. आता फिल्टर बदलताना भंडारा आधी कपाळाला लावते. मग हात स्वच्छ धुते आणि तेव्हाच रिंगला हात लावते.