उबेतून काढलेलं विमान

टोइवो कांगास बर्फावर बदकासारखा चालायचा. बुटांना खिळ्यांचे पट्टे, हातात वाळूची बादली आणि पावलं आखूड. उत्तर मिनेसोटातल्या त्या लहानशा विमानतळावर खाजगी विमानं अकरा, आणि त्यांची हिवाळ्यातली राखण एकतीस वर्षं त्याच्याकडे. त्याच्या चालीला कुणी हसलं, की तो म्हणायचा, पडून बघा आणि मग हसा. आपण स्वतः कधीच पडलो नाही, हे सांगायलाही तो विसरत नसे.

विमान बंद असलं तरी पुढच्या पंख्यासमोर उभं राहायचं नाही. पंखांवर बर्फाचा थर आहे का, हे नुसतं बघायचं नाही, हातमोजा काढून तळहात फिरवायचा, कारण पातळ थरानेही विमान कोसळू शकतं. हे तो येईल त्याला न विचारता सांगायचा, आणि ऐकणारा घाईत असला तर अंमळ जास्तच सावकाश. दातांचे डॉक्टर व्हर्नर यांनी एकदा पंखांवरचा बर्फ घालवायला किटलीभर गरम पाणी ओतलं होतं आणि ते तिथेच गोठलं होतं. ती गोष्ट तो नऊ वर्षं सांगत होता, आणि दर वर्षी किटली मोठी होत होती.

पण त्याचा खरा आवडता विषय म्हणजे ऊब. तापवलेल्या हँगरमधून विमान थेट पडत्या बर्फात काढलं, की बर्फ गरम पत्र्यावर वितळतो, मग तेच पाणी गोठतं आणि वर कोरडा भुसभुशीत बर्फ साळसूदपणे बसून राहतो. वरचा झाडला की माणसाला वाटतं, झालं साफ. म्हणून आधी दारं उघडून विमान बाहेरच्याइतकं गार होऊ द्यायचं. हे सगळ्यांना पाठ होतं. काही जण तर त्याच्याआधीच म्हणून दाखवायचे.

त्या जानेवारीत मार्लिस हागेडॉर्नला थोरल्या बहिणीकडे उडून जायचं होतं. आर्डिसला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. मार्लिस शाळेतून निवृत्त झालेली बाई, वय एकाहत्तर, स्वतःचं दोन जागांचं विमान. तिच्याविषयी टोइवोच्या मनात काय होतं ते गावाला ठाऊक होतं, मार्लिसलाही होतं. कुणालाच ठाऊक नाही असं फक्त टोइवोला वाटायचं.

तर तिला बसायला जागा गार लागू नये म्हणून त्याने तिचं विमान रात्रभर एकुलत्या एका तापवलेल्या हँगरमध्ये ठेवलं. सकाळी साडेनऊला स्वतः ओढून बाहेर काढलं, दाराशी लावलं आणि केस विंचरायला आत गेला. तेवढ्यात बर्फाची एक सर येऊन गेली. परत येऊन त्याने पंखावर कुंचा फिरवला. भुसभुशीत बर्फ उडाला आणि खालून काचेवर घासल्यासारखा आवाज आला.

मार्लिस तोवर येऊन, विमानाला एक फेरी मारून आत बसलीसुद्धा होती.

इथे एक वाक्य बोललं की काम संपत होतं. टोइवो म्हणाला, चाकात हवा कमी वाटते. मार्लिसने वाकून पाहिलं आणि चाक तिला गोलच दिसतं म्हणाली. मग तो म्हणाला, पश्चिमेला अंधारून आलंय. मग ताज्या पुल्लाची, म्हणजे फिनलंडच्या गोड पावाची लालूच दाखवली, वेलदोडा घातलेल्या, आत्ताच भट्टीतून काढलेल्या. मार्लिस म्हणाली, आर्डिसकडे केक आहे. तिने दार लावून घेतलं. टोइवोने चाकांखालचे अडवणीचे ठोकळे काही काढले नाहीत. पंख्यापासून लांब, पंखाच्या टोकाशी तो उभा राहिला. एकतीस वर्षांचं नाव एका बाजूला आणि काचेआडची ती बाई दुसऱ्या बाजूला. शेवटी त्याने काच वाजवली.

"मार्लिस, खाली उतर. पंखांवर बर्फ धरलाय. विमान गरम असताना बाहेर काढलं गेलं."

"कुणी काढलं?"

"मी."

"काय? ऐकू नाही आलं."

"मी काढलं. माझी चूक आहे."

मार्लिसने दार उघडलं. तिचं नाक निळं पडलं होतं. "आल्याआल्या पंखावर हात फिरवला होता मी, थर तेव्हाच लागला हाताला. वीस मिनिटं बसलेय इथे, बाबा. पायाची बोटं असून नसल्यासारखी झालीत, आणि तू मला पाव काय खाऊ घालतोयस!"

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर उतरले असते. आणि तुझ्याशी पुन्हा बोलले नसते."

दोघांनी विमान आत ढकललं. बर्फ वितळल्यावर जुन्या चादरींनी पंख पुसले, बिजागऱ्यांत शिरलेलं पाणीही टिपून काढलं. पण विमान गार होईपर्यंत दोन वाजले आणि ढग झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली आले. उडणं संपलं. रस्ता मात्र मोकळा होता, अडीच तासांचा. मार्लिसने गाडीची किल्ली टोइवोच्या हातावर ठेवली. चूक तुझी, गाडी तू चालव, म्हणाली.

आर्डिसच्या घरी केक अजून कापायचा राहिला होता. सगळ्या पाहुण्यांदेखत मार्लिसने उशिराचं कारण सांगितलं आणि कारणाकडे बोट दाखवलं. टोइवो टोपी हातात घेऊन उभा होता. आर्डिसने त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

"काय रे," ती म्हणाली, "एक चूक करायला एकतीस वर्षं लावलीस?"

मार्लिसने त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली, तो बसला आणि खाली मान घालून केक खात राहिला.