पाहुण्यांसमोर मी सांगितलंच

पलसाण्याच्या मिलला आग लागली तेव्हा मी फोल्डिंग खात्यात होते. मी बाहेर आले. माझ्या शेजारी बसून साड्यांच्या घड्या घालणाऱ्या दोघी आल्या नाहीत. तेव्हापासून बंद दार दिसलं की माझा श्वास कोंडायचा. आंघोळीलासुद्धा दार उघडं ठेवायचे आणि लेक बाहेर पाठ करून उभी राहायची. एकवीस वर्षांची पोर, आईची राखण करत!

सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, हिला बाहेरचं लागलंय, गावाकडं भगताकडं न्या. मी म्हटलं, मी आग पाहिली, भूत नाही पाहिलं. शेवटी गल्लीतल्या आशा वर्करनं मला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथं दर मंगळवारी मनाच्या दुखण्यासाठी एक बेन, म्हणजे बाई, बसतात. ऐकून घेतात, घाबरल्यावर श्वास कसा सोडायचा ते शिकवतात. त्या गुजराती, मी खानदेशी, निम्मं तर त्यांना कळतही नसेल. पण त्या दोघींची नावं आगीनंतर मी पहिल्यांदा तिथं घेतली आणि ढसाढसा रडले. चार महिन्यांनी दार लावून आंघोळ केली.

घरात मात्र एकच धोशा, बीपीची गोळी आणायला जाते म्हणायचं. पोरीचं लग्न व्हायचंय. कतारगामहून तिला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी तर सासूबाईंनी मला सकाळपासून चारदा बजावलं.

मुलाची आई शांत बाई होती. तिनं सहज विचारलं, तब्येत कशी आहे आता? नवऱ्यानं माझ्याकडं बघून डोळे वटारले. माझं डोकंच फिरलं. मी काय चोरी केली होती का?

"आगीनंतर माझं मन बिघडलं होतं," मी म्हटलं. "दर मंगळवारी दवाखान्यात जाते, पुढंही जाणार. मागाहून कळून माझ्या पोरीला बोल लावण्यापेक्षा आत्ताच ऐका."

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. पोरीचं वाटोळं केलंस, म्हणत सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. लेकीकडं बघायची मला हिंमत होईना. ती कप उचलता उचलता म्हणाली, "बरं केलंस. लपवून मला तिथं जायचंच नव्हतं."

दोन दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला. लग्नाचं अक्षर नाही. लूममध्ये सापडून बोटं गेल्यापासून थोरला मुलगा, नवऱ्या मुलाचा भाऊ, खोलीबाहेर येत नाही, कुणाशी बोलत नाही, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. हे त्यांनीही आमच्यापासून लपवलं होतं. मग तिनं विचारलं, मंगळवारी किती वाजता बसतात त्या?

"अकराला," मी म्हटलं. "आधी त्याला घेऊन या. सोयरिकीचं नंतर बघू."